चाहत्यांचा दबाव, प्लेटेस्ट आणि डी अँड डी: प्रकाशक नेमकं काय मोजतात?

विसाचा_फासा (धागाकर्ता)

टेबलटॉप आरपीजीवर (टेबलाभोवती बसून, फासे टाकत, एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायचे खेळ) मराठीत बोलणारी मंडळी मोजकीच आहेत, म्हणून इथेच विचारतो.

'चाहत्यांनी विझार्ड्स ऑफ द कोस्टला झुकवलं' हे जानेवारी २०२३च्या लायसन्सच्या वादापासून सतत कानावर पडतंय. विझार्ड्स म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्सचे (डी अँड डी) प्रकाशक. पुढे २०२४चं प्लेअर्स हँडबुक, म्हणजे खेळाडूंसाठीचं मुख्य नियमपुस्तक, आलं. त्याआधी सव्वा वर्ष जाहीर प्लेटेस्ट (कच्चे नियम लोकांकडून खेळून घेणं) आणि सर्व्हे चालले होते. त्यातले काही बदल टिकले, काही गायब झाले. प्रकाशकाच्या टेबलावर चाहत्यांचं मत नक्की कोणत्या रूपात पोचतं? सर्व्हेचे टक्के कसे वाचतात? आणि रेडिटवर राळ उडवण्याने खरंच काही होतं का?

विचारण्यामागे कामही आहे. आम्ही चौघं डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर आधारित ४० पानी मराठी पुस्तिका करतोय: थोडक्यात नियम, चार तयार पात्रं आणि एक साहस. छापण्याआधी लोकांकडून खेळून घ्यायची आहे. किती जणांना द्यावी, काय विचारावं, आणि मुळात मराठीत आणायला परवानगी आहे का? तिन्हींवर मार्गदर्शन हवं.

---

तळघर_नकाशे

सर्व्हेबद्दल लिहितो, लायसन्सवर दुसरं कोणी लिहील.

पाचव्या आवृत्तीचा जन्मच जाहीर प्लेटेस्टमधून झाला. 'डी अँड डी नेक्स्ट' नावाने मे २०१२मध्ये पहिलं पॅकेट आलं, पावणेदोन लाखांहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं आणि प्लेअर्स हँडबुक ऑगस्ट २०१४मध्ये बाजारात आलं. तेव्हापासूनची पद्धत म्हणजे 'अनअर्थ्ड आर्काना' नावाची फुकट पीडीएफ काढायची, वाचायला-खेळायला थोडे दिवस द्यायचे आणि मग सर्व्हे उघडायचा. प्रत्येक क्लास (पात्राचा पेशा), प्रत्येक फीचर (त्याची खास क्षमता) वेगवेगळं विचारतात: समाधानी की असमाधानी, आणि खाली लिहायला मोकळी चौकट.

डी अँड डीचे तेव्हाचे मुख्य नियमरचनाकार जेरेमी क्रॉफर्ड यांनी जाहीर मुलाखतींमधून सांगितलेला ठोकताळा असा की साधारण ७० टक्के समाधान ही पास होण्याची रेषा. त्याच्या वर असेल तर दिशा बरोबर, बारीकसारीक दुरुस्ती करायची. साठीत असेल तर कल्पनेत जीव आहे पण मांडणी फसली, पुन्हा करून दाखवायचं. त्याखाली गेलं की बहुधा रामराम.

प्रत्यक्षात याचं काय झालं ते २०२२-२३च्या पॅकेटांत दिसतं.

ऑगस्ट २०२२च्या पहिल्याच पॅकेटात क्रिटिकल हिट (फाशावर वीस पडला की बसणारा जादा जोराचा वार) फक्त खेळाडूंच्या पात्रांना ठेवला होता, राक्षसांना नाही. वर फक्त शस्त्राचे फासे दुप्पट, म्हणजे 'रोग' या चोरट्या पेशाच्या स्नीक अटॅकचे (दबा धरून केलेल्या वाराचे) फासे त्यातून बाद. पुढच्या पॅकेटांत तो प्रयोग गुंडाळला. आर्डलिंग नावाची प्राणिमुखी जमात त्याच पॅकेटात आली, डिसेंबरमध्ये बदलून पुन्हा दाखवली, तरी जमली नाही आणि पुस्तकात त्याऐवजी आसिमार ही दुसरी जमात आली.

ड्रुइडचं उदाहरण जास्त बघण्यासारखं आहे. २०१४च्या नियमांत ड्रुइड पेशाच्या पात्राने वाइल्ड शेप, म्हणजे प्राण्याचं रूप, घेताना खऱ्या प्राण्याचा आकड्यांचा तक्ता उचलायचा. त्यामुळे नवा खेळाडू लांडगा, कोळी, अस्वल यांची पानं उलटत बसतो आणि बाकी टेबल, म्हणजे सोबतचे खेळाडू, जांभया देतं. फेब्रुवारी २०२३च्या पॅकेटात जमीन, पाणी, आकाश असे तीन साचे दिले. सोपं झालं खरं, पण प्राण्याची मजाच गेली, असा सूर उमटला. साचे मागे घेतले. मात्र मूळ तक्रार खोटी नव्हती. म्हणून २०२४मध्ये दुसऱ्या लेव्हलला चारच रूपं ठरवून ठेवायची, आणि प्राण्यांचे तक्ते प्लेअर्स हँडबुकच्याच मागे छापले.

वॉरलॉक या जादू करणाऱ्या पेशाचंही तसंच. दुसऱ्या ते दहाव्या लेव्हलपर्यंत दोनच स्पेल स्लॉट (मंत्र वापरायच्या संधी), तेही शॉर्ट रेस्टवर (खेळातली तासाभराची विश्रांती) परत मिळणारे. टेबलाने शॉर्ट रेस्ट घेतलाच नाही तर वॉरलॉक बसला हात चोळत. एप्रिल २०२३मध्ये त्याला पॅलाडिन-रेंजर या पेशांसारखे स्लॉट देऊन पाहिले. नापसंत. सप्टेंबरच्या पॅकेटात जुनी पॅक्ट मॅजिक, म्हणजे वरची मोजक्या स्लॉटांची पद्धत, परत आली, आणि सोबत 'मॅजिकल कनिंग': एक मिनिटाचा विधी करायचा, संपलेले स्लॉट परत, पण एकूण स्लॉटच्या निम्म्यापर्यंतच, लाँग रेस्टमागे (रात्रभराची विश्रांती) एकदा.

यावरून माझं मत असं झालंय की सर्व्हेला 'नको' छान सांगता येतं, 'काय हवं' ते सांगता येत नाही. ७०ची रेषा जुन्याच्या बाजूने झुकलेली असते. सवयीच्या गोष्टीला ७० सहज मिळतात, नव्या गोष्टीला पहिल्या फटक्यात क्वचित. शिवाय उत्तर देणाऱ्यांत फक्त पीडीएफ वाचलेले खूप असतात, खेळलेले कमी. वाचताना 'दुबळं' वाटणारं फीचर टेबलावर भलतंच बलवान निघू शकतं, आणि उलटंही.

---

कलम_नऊ

लायसन्सचं मी घेतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

ओपन गेम लायसन्स (ओजीएल) १.० ए हे २०००चं. तिसऱ्या आवृत्तीसोबत विझार्ड्समधल्या रायन डॅन्सी यांच्या पुढाकाराने आलं. मूळ नियमांचा सांगाडा म्हणजे एसआरडी, तो कोणीही वापरून आपली पुस्तकं विकावीत, रॉयल्टी नाही. त्यावर वीसेक वर्षांत शेकडो प्रकाशकांचा धंदा उभा राहिला.

५ जानेवारी २०२३ला गिझमोडो या बातम्यांच्या साइटने नव्या १.१ मसुद्यातले मुद्दे फोडले. वर्षाला ५० हजार डॉलरच्या वर विक्री असेल तर हिशेब कळवायचा. साडेसात लाख डॉलरच्या वरच्या रकमेवर २५ टक्के रॉयल्टी, किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर उभारलेल्या पैशाला २० टक्के. तुम्ही लिहिलेलं विझार्ड्सला कायमचं वापरता येणार. आणि सगळ्यात वर्मी लागणारं म्हणजे जुनं १.० ए 'यापुढे अधिकृत नाही'.

हे करायला फट कुठे होती? जुन्या लायसन्समध्ये 'पर्पेच्युअल' (कायमचं) हा शब्द आहे, 'इररिव्होकेबल' (परत न घेता येणारं) हा नाही. आणि नवव्या कलमात 'कोणतीही अधिकृत आवृत्ती' वापरा असं म्हटलंय. मग आवृत्ती अनधिकृत ठरवली की झालं, असा युक्तिवाद. कोर्टात टिकला असता का हा वेगळा विषय, पण छोट्या प्रकाशकाकडे कोर्टात जायला पैसा कुठे असतो?

पुढचे तीन आठवडे क्रमाने बघा. १२ जानेवारीला पैझोने, म्हणजे पाथफाइंडर या प्रतिस्पर्धी खेळाच्या प्रकाशकाने, ओआरसी नावाचं स्वतंत्र खुलं लायसन्स जाहीर केलं आणि इतर प्रकाशक त्यांच्या मागे उभे राहिले. कोबोल्ड प्रेस या प्रकाशकाने त्याच सुमारास स्वतःच्या नियमसंचाची घोषणा केली, तोच पुढे 'टेल्स ऑफ द व्हॅलियंट' झाला. लोकांनी डी अँड डी बियाँड या ऑनलाइन पुस्तकं-पात्रांच्या साइटची वर्गणी रद्द करायला सुरुवात केली. ही साइट विझार्ड्सच्या मालक कंपनीने, म्हणजे हॅस्ब्रोने, आदल्याच वर्षी १४.६३ कोटी डॉलरना घेतली होती. शिवाय मार्चअखेर डी अँड डीचा मोठा सिनेमा यायचा होता. १३ तारखेला विझार्ड्सचं पहिलं निवेदन आलं, 'तुम्हीही जिंकलात आणि आम्हीही' अशा थाटाचं. त्याने आगीत तेलच ओतलं. मग १.२ मसुदा काढला आणि या वेळी सोबत सर्व्हे.

त्या सर्व्हेला १५ हजारांहून जास्त उत्तरं आली. ८८ टक्के म्हणाले, १.२ खाली काही प्रकाशित करायचं नाही. १.० ए काढून घेण्यावर ८९ टक्के नाखूश. एसआरडीचा काही भाग क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये (खुल्या वापरासाठीची तयार लायसन्स) टाकण्यावर ६२ टक्के खूश. मुदत संपण्याची वाट न बघता २७ जानेवारीला निर्णय झाला: १.० ए जसं आहे तसं राहील, आणि पाचव्या आवृत्तीची एसआरडी ५.१ पूर्णच्या पूर्ण सीसी-बाय ४.० या क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली, म्हणजे श्रेय द्या आणि वापरा. काही भाग नव्हे, अख्खा. क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स परत घेता येत नाही, हे त्यातलं खरं महत्त्वाचं.

तर धागाकर्त्यांच्या 'राळ उडवण्याने काही होतं का' यावर माझं उत्तर: नाक दाबलं की तोंड उघडतं. नुसत्या संतापाला कंपनीच्या हिशेबात रकाना नसतो. रद्द झालेल्या वर्गणीला असतो, प्रतिस्पर्ध्याच्या विक्रीलाही असतो. पैझोने तेव्हा जाहीर केलं होतं की आठ महिन्यांचा म्हणून धरलेला पाथफाइंडर कोअर रूलबुकचा साठा दोन आठवड्यांत संपला.

ऑगस्ट २०२४मध्येही हेच छोट्या प्रमाणात दिसलं. नव्या पुस्तकासोबत डी अँड डी बियाँडवरच्या कॅरेक्टर शीटमधले जुने स्पेल आणि जादुई वस्तू नव्या रूपात आपोआप बदलतील असं जाहीर झालं. ज्यांनी जुनं पुस्तक तिथे विकत घेतलं होतं त्यांनी बोंब ठोकली, आणि काही दिवसांतच निर्णय फिरवला.

---

जुनी_पेटी

वरच्या दोघांशी बऱ्यापैकी सहमत, पण 'चाहते जिंकले' या गोष्टींबरोबर 'चाहते वाट बघत बसले' याही सांगायला हव्यात.

एप्रिल २००९मध्ये विझार्ड्सने चाचेगिरीचं कारण देऊन सगळ्या पीडीएफ विक्रीतून काढल्या, अगदी पहिल्या आवृत्तीच्या जुन्या साहसांसकट. आरडाओरडा कमी झाला नाही. पण पीडीएफ परतल्या जानेवारी २०१३मध्ये. म्हणजे पावणेचार वर्षं. तोवर जुन्या नियमांच्या चाहत्यांनी ओजीएल वापरूनच ओएसआरआयसी (२००६), लॅबिरिंथ लॉर्ड (२००७) असे जुन्या धाटणीचे नियमसंच काढले होते आणि एक समांतर बाजार उभा राहिला होता. पहिल्या आवृत्तीची पुस्तकं विझार्ड्सने २०१२मध्ये पुन्हा छापली, त्यामागे हा बाजार दिसला हे एक कारण असणार असं माझं अनुमान.

डी अँड डीच्या चौथ्या आवृत्तीची गोष्टही तशीच. ऑगस्ट २००७मध्ये घोषणा, २००८मध्ये पुस्तकं, आणि ओजीएलऐवजी जीएसएल नावाचं आवळलेलं लायसन्स. त्यात अट अशी की एखादी मालिका नव्या लायसन्सवर आणली तर तीच मालिका ओजीएलवर चालू ठेवता येणार नाही. २००९मध्ये ती अट ढिली केली, पण गाडी सुटली होती. पैझोने मार्च २००८मध्ये पाथफाइंडरचा अल्फा (पहिला कच्चा मसुदा) फुकट टाकला, ऑगस्टमध्ये बीटा (सुधारलेला मसुदा), आणि ऑगस्ट २००९मध्ये पक्कं पुस्तक. वर्षभर त्यांच्याच साइटवर लोक नियमानियमांवर भांडत होते आणि ती भांडणं वाचायला लेखक हजर होते. चौथ्या आवृत्तीला खरं उत्तर त्या पुस्तकाने दिलं, निषेधाच्या पत्रांनी नाही. आणि ते पुस्तक कायदेशीरपणे काढता आलं ते ओजीएलमुळे.

२०२३नंतर पाथफाइंडरने ओजीएलशी असलेली नाळही तोडली. नोव्हेंबर २०२३च्या रीमास्टर (नव्याने घडवलेल्या) पुस्तकांतून अलाइनमेंट (पात्राचा भला-बुरा कल) गेली, जादूच्या आठ शाखा गेल्या, 'मॅजिक मिसाइल' मंत्राचं 'फोर्स बॅराज' झालं. हे चाहत्यांनी मागितलेलं नव्हतं, वकिलांनी मागितलेलं होतं. चाहत्यांनी ते गोड मानून घेतलं एवढंच.

आता दुसरी बाजू. चाहत्यांच्या मागण्या सगळ्या मान्य करण्यानेही प्रकाशक बुडू शकतो. केऑसियम या प्रकाशकाने कॉल ऑफ कथुलू या भयकथांच्या आरपीजीच्या सातव्या आवृत्तीसाठी २०१३मध्ये किकस्टार्टर केलं. ४० हजार डॉलर मागितले, पाच लाखांहून जास्त आले. प्रत्येक टप्प्याला स्ट्रेच गोल (जादा पैसे आले तर जादा काही देण्याचं आश्वासन), प्रत्येक गोलला नवी वस्तू. वस्तू बनवायच्या, निरनिराळ्या कारखान्यांतून गोळा करायच्या, जगभर पोचवायच्या. टपालखर्च आधीच घेतलेल्या रकमेतून भागत नाही. पुस्तकं रखडली, कंपनी डबघाईला आली. २०१५मध्ये संस्थापक ग्रेग स्टॅफर्ड परत आले, आणि कारभार मून डिझाइनच्या लोकांकडे गेला. मून डिझाइन मुळात कोण? रूनक्वेस्ट या आरपीजीचं जुनं, छपाईबाह्य साहित्य पुन्हा छापणारे चाहतेच. इथे चाहत्यांनी प्रकाशकावर प्रभाव टाकला म्हणण्यापेक्षा प्रकाशकच होऊन बसले म्हणावं लागेल.

---

मोजपट्टी

तुमच्या पुस्तिकेकडे येतो. ४० पानांना मोठा सर्व्हे नको, पण पद्धत हवी.

आधी आकड्यांची मर्यादा ओळखा. ४० उत्तरं आली आणि ७० टक्के खूश निघाले, तर संख्याशास्त्राच्या हिशेबाने त्यात अधिक-उणे १४ टक्क्यांची चूक धरावी लागते. खरा आकडा ५६ही असेल, ८४ही. ४०० उत्तरांना ती साडेचारवर येते. आणि हे गणितही उत्तरं देणारे यादृच्छिक निवडलेले असतील तरच लागू. तुमचे ४० जण तुमच्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधले असणार. तेव्हा विझार्ड्सची ७०ची रेषा उचलून स्वतःला लावू नका. तुमच्याकडे टक्केवारीचं काम नाही, निरीक्षणाचं आहे.

पाच-सहा टेबलं शोधा, प्रत्येकी डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) धरून चार-पाच माणसं. त्यातली निदान तीन टेबलं अशी हवीत की तुमच्या चौघांपैकी कोणीही तिथे नसेल. लेखक समोर असला की लोक नियम न वाचता त्यालाच विचारतात, आणि पुस्तकातली भोकं दिसतच नाहीत. एका टेबलावर तरी पूर्वी कधीच न खेळलेला डीएम असू द्या. तुमचा खरा वाचक तोच.

प्रत्येक पानाच्या तळाशी मसुद्याचा क्रमांक आणि तारीख छापा. हे हमखास राहतं. मग कोणी जुन्या मसुद्यावर तक्रार करतं आणि तुम्ही आधीच सुधारलेली गोष्ट पुन्हा 'सुधारता'.

'आवडलं का' हे शेवटी विचारा. आधी काय घडलं ते विचारा: पहिली लढाई किती मिनिटं आणि किती फेऱ्या चालली, नियम बघायला पुस्तक कुठल्या कुठल्या पानावर उघडावं लागलं, कोणता नियम डीएमने आपल्या मनाने ठरवला, कोणत्या खेळाडूला तासभर करायला काही नव्हतं. 'मनाने ठरवला' हा प्रश्न सोन्याचा आहे. दोन टेबलांनी एकाच जागी आपापला नियम लावला असेल तर तिथलं वाक्य पुन्हा लिहा, मग तक्रार आलेली असो वा नसो.

फॉर्मचा पहिला प्रश्न हाच ठेवा: खेळलात की फक्त वाचलंत? दोन्ही गठ्ठे वेगळे काढा. वाचणाऱ्यांकडून भाषेच्या आणि छपाईच्या चुका घ्या, तोलाबद्दलची मतं खेळलेल्यांकडूनच.

लोक उपाय सुचवतील: 'गोब्लिनला ७ ऐवजी ४ हिट पॉइंट (मार सोसण्याची ताकद) द्या.' उपायाआधी त्यामागचा त्रास विचारा. लढाई लांबली म्हणून? की पहिल्याच फेरीत एक पात्र आडवं झालं म्हणून? दुसरं असेल तर हिट पॉइंट कमी करून भागणार नाही, गोब्लिनांची संख्या किंवा ते कुठून हल्ला करतात ते बदलावं लागेल. पहिल्या लेव्हलच्या विझर्डला, म्हणजे जादूगार पात्राला, आठेक हिट पॉइंट असतात. दोन बाण नीट लागले की खेळ खल्लास.

दोन मसुद्यांमध्ये एका लढाईतली एकच गोष्ट बदला. तीन बदलल्या तर कशाने गुण आला ते कळणार नाही.

---

विसाचा_फासा

उत्तर देणाऱ्या चौघांचेही आभार. मुद्द्यांची यादी करून भिंतीवर लावतोय.

दोन शंका राहिल्या. एक, एसआरडी ५.१ मराठीत आणायला वेगळी परवानगी लागत नाही ना? दोन, प्लेटेस्ट करणाऱ्याने सुचवलेली कल्पना आम्ही छापली आणि उद्या तो म्हणाला 'ही माझी', तर?

---

कलम_नऊ

एक: नाही लागत. सीसी-बायमध्ये भाषांतर आणि फेरफार दोन्ही येतात, विक्रीसकट. विझार्ड्सने स्वतः फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिशमध्ये एसआरडी दिली आहे. मराठी तुम्ही करा. एसआरडीच्या पहिल्या पानावर श्रेयाचा मजकूर दिलाय तो जसाच्या तसा श्रेयपानावर घ्या, आणि तुम्ही बदल केलेत हे लिहा. त्या मजकुराखेरीज विझार्ड्सचा आणखी उल्लेख करू नका असं त्यांनीच म्हटलंय. मुखपृष्ठावर डी अँड डीचं नाव किंवा बोधचिन्ह नको. 'पाचव्या आवृत्तीशी सुसंगत' एवढं चालतं. सीसी-बायमध्ये तुमचं स्वतःचं लेखन खुलं करण्याची सक्ती नाही, साहस आणि पात्रं तुमचीच राहतील.

जे एसआरडीत नाही त्याला हात लावू नका. बिहोल्डर या राक्षसाचा तक्ता त्यात नाही. ५.१मध्ये प्रत्येक क्लासला एकच सबक्लास (पेशाची शाखा) आहे, बॅकग्राउंड (पात्राची पार्श्वभूमी) एकच (अ‍ॅकोलाइट) आणि फीट (जादा कौशल्य) एकच (ग्रॅपलर). तयार पात्रं करताना बहुतेकांची चूक इथेच होते. हँडबुक उघडून बनवतात आणि तिथला सबक्लास नकळत आत येतो. पात्रं एसआरडीची पीडीएफ समोर ठेवूनच बनवा. २०२४च्या नियमांवर हवं असेल तर एप्रिल २०२५ पासून एसआरडी ५.२ही सीसी-बायमध्ये आहे, पण एका पुस्तिकेत दोन्हींची सरमिसळ करू नका.

दोन: कॉपीराइट कल्पनेला नसतो, लिहिलेल्या मजकुराला असतो. आपल्या १९५७च्या कायद्यातही तसंच. 'पुलाखाली दरोडेखोर ठेवा' ही सूचना घेतलीत तर प्रश्न नाही. त्याने लिहून पाठवलेला परिच्छेद जसाच्या तसा छापलात तर प्रश्न आहे. फॉर्मच्या वर एक ओळ टाका: सूचना पुस्तिकेत वापरल्या जाऊ शकतात, त्याबद्दल मोबदला नाही, पाठवलेला मजकूर शब्दशः वापरायचा झाला तर वेगळं विचारू. १.१ मसुद्यावर लोक खवळले त्यात 'तुमचं ते आमचं' हा मोठा भाग होता. तुम्ही चौघांनी तेच बारीक टायपात करू नका.

---

मोजपट्टी

त्याच फॉर्ममध्ये श्रेयनामावलीत नाव हवं का आणि देवनागरीत ते कसं लिहायचं, हेही विचारून ठेवा. मसुदा छापखान्यात गेल्यावर 'जोशी की जोषी' विचारायला फोन फिरवावे लागतात.